अध्ययन अक्षमता: पहिल्या शंकेपासून दहावीच्या सवलतीपर्यंत, कोल्हापुरातल्या पालकांसाठी पायरीपायरीनं

जानेवारी उजाडला की दहावीच्या मुलांचे पालक माझ्याकडे येतात. हातात फाईल, तीत एखादा रिपोर्ट आणि प्रश्न एकच: "मॅडम, लेखनिक मिळंल का?" लेखनिक म्हणजे परीक्षेत मुलानं सांगितलेलं उत्तर लिहून देणारा. परीक्षा तोंडावर असते आणि शाळेनं मंडळाकडे काहीच पाठवलेलं नसतं. चौकशी केली की कळतं, पोरगं चौथीत असतानाच बाईंनी सांगितलं होतं, "तोंडानं सगळं सांगतंय, पण लिहायला बसलं की हात आखडतोय." मधली सहा वर्षं शिकवण्या बदलण्यात गेली.

दुसरीकडे काही पालक रिपोर्ट हातात पडला की आठ वर्षांच्या मुलाची शाळा सोडवून त्याला थेट विशेष शाळेत घालायला निघतात. माया दोघांनाही आहे, धावपळही दोघं करतात. चुकतो तो क्रम. मी शाळांमधून विशेष शिक्षिका म्हणून काम करते आणि पालकांना ज्या क्रमानं जायला सांगते, तोच इथे लिहिते आहे.

## पायरी १: अडचण कशाची आहे ते वेगळं करा

बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली आहे, शाळा नियमित चालू आहे, डोळे-कान ठीक आहेत, आणि तरीही वाचन, लेखन किंवा गणित वयाच्या मानानं बरंच मागे आहे, तेव्हा अध्ययन अक्षमतेची शंका घ्यायची. वाचनातली अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनातली डिसग्राफिया, आकड्यांतली डिसकॅल्क्युलिया. एकाच मुलात दोन-तीन एकत्रही असतात.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार दिले आहेत. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता वेगळी, बौद्धिक अक्षमता वेगळी आणि स्वमग्नता वेगळी. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, बऱ्याचदा अध्ययन अक्षमतेच्या जोडीनं दिसते, पण त्या यादीत ती स्वतंत्र नाही. म्हणून फक्त "चंचल आहे" एवढं लिहिलेल्या चिठ्ठीवर पुढचं काही होत नाही.

हा फरक आधी समजून घ्यायचा, कारण शाळा त्यावरच ठरते. शेंडा पार्कात चेतना अपंगमती विकास संस्थेची शाळा आहे. ती बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी आहे. ज्याला सगळं समजतं पण वाचता येत नाही, त्या मुलाची जागा तिथे नाही. त्याची जागा नेहमीच्याच शाळेत आहे, जोडीला विशेष शिक्षकाची मदत मिळाली पाहिजे.

आता मराठीत ही अडचण कशी दिसते ते बघा. चौथीतल्या एका मुलाला मी "सूर्य पर्वतामागे गेला" हे वाक्य लिहायला सांगितलं. त्यानं लिहिलं, "सुय्र परवतामगे गेला". तीनदा खोडलं, कागद विरला, चार मिनिटं गेली. 'सूर्य'मधला र त्याला ऐकू आला होता, पण तो डोक्यावर द्यायचा की पायात हे सुटलं. 'पर्वत'मधला रफार सुटून र मोकळा झाला. 'मागे'चा काना गळला. आपल्या लिपीची गंमत अशी, की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची नंतर. रफार आधी उच्चारायचा आणि द्यायचा पुढच्या अक्षरावर. नेमकी इथेच ही मुलं अडखळतात. भ-म, घ-ध, द्य-द्व यांचा गोंधळ, ओळ सुटणं, फळ्यावरचं उतरवताना मधलेच शब्द गाळणं, हेही बघा. त्याच मुलाला तोंडी विचारलं तर सूर्य कुठे मावळतो इथपासून ग्रहणापर्यंत सगळं त्यानं सांगितलं.

थांबून तपासा: पहिली-दुसरीत अशा चुका सगळ्यांच्याच होतात. तिसरीच्या दिवाळीनंतरही त्याच चुका, त्याच प्रमाणात आणि रोज दिसत असतील तर पुढच्या पायरीवर जा.

## पायरी २: चाचणीआधीची तयारी

बरेच जण ही पायरी गाळतात आणि मग चाचणीची एक बैठक वाया जाते.

डोळे नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्या. कानांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या. "कानातला मळ काढला" म्हणजे कान तपासले असं होत नाही. दोन्हींचे कागद जपून ठेवा, पुढे दिव्यांग प्रमाणपत्राच्या वेळी लागतात.

मग वह्या. गेल्या दोन वर्षांच्या शाळेच्या वह्या आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका एका पिशवीत घाला. इथे एक चूक हमखास होते. पालक शिकवणीतली स्वच्छ वही घेऊन येतात, जिच्यात ताईंनी पेन्सिलीनं लिहून दिलेलं मुलानं गिरवलेलं असतं. चाचणी घेणाऱ्याला ती वही निरुपयोगी आहे. खाडाखोडीची, लाल शेऱ्यांची, अर्धवट सोडलेली वही आणा.

एका कागदावर मुलाचा थोडक्यात इतिहास लिहा: जन्माच्या वेळी काही अडचण होती का, बोलायला कधी लागलं, शाळा किंवा माध्यम बदललं का, मोठ्या आजारपणात शाळा किती बुडाली. घरात आई-वडील, काका, मामा यांपैकी कुणाला लहानपणी वाचायला असंच जड गेलं होतं का, तेही लिहा. ही अडचण घराण्यात उतरते. ते सांगायला कमीपणा वाटून घेऊ नका.

मोबाईलवर मूल धडा वाचतानाचं तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग करा. धडा न वाचलेला असावा, कारण पाठ झालेला धडा ही मुलं बघता बघता म्हणून दाखवतात आणि आपली फसगत होते.

सावधान: "उद्या परीक्षा आहे, नीट लिही" असं सांगून मुलाकडून आदल्या दिवशी सराव करून घेऊ नका. त्याला जसं येतं तसंच दिसायला हवं.

## पायरी ३: चाचणी कुणाकडून, कोणत्या भाषेत

चाचणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांनी मिळून करायची असते. दोघांचीही भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी हवी. ही परिषद १९९२ च्या कायद्यानं चालते आणि प्रत्येक व्यावसायिकाला नोंदणी क्रमांक देते. तो क्रमांक विचारा. विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

चाचणीचे दोन भाग असतात. पहिला बुद्धिमापनाचा, त्यासाठी बिने-कामत किंवा मालिन यांची चाचणी सहसा वापरतात. दुसरा शैक्षणिक, त्यात वाचन, लेखन, आकलन आणि गणित तपासतात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेची चाचणीमाला यासाठी वापरली जाते. हे सगळं एका बैठकीत उरकत नाही, दोन-तीन बैठका धरून चला. वेळ सकाळची घ्या. मूल उपाशी नसावं आणि शाळा सुटल्यावर दमलेलंही नसावं.

भाषेचा मुद्दा मात्र नीट लक्षात घ्या. मराठी माध्यमाच्या मुलाची वाचन-लेखन चाचणी मराठीतच व्हायला हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 'डाली' ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत तयार केली आहे, म्हणजे "मराठीत साधनच नाही" हे कारण चालत नाही. गडहिंग्लज, चंदगड भागात घरी कन्नड आणि शाळेत मराठी अशी बरीच मुलं आहेत. तुमचं तसं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. नाहीतर नव्या भाषेमुळे होणाऱ्या चुका अक्षमतेच्या खात्यात जमा होतात, नाहीतर खरी अक्षमता "घरची भाषा वेगळी" म्हणून झाकून जाते.

रिपोर्ट हातात आला की खुर्चीवरून उठण्याआधी एवढं बघा: वापरलेल्या चाचण्यांची नावं, प्रत्येकीतले गुण, तारीख, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि शेवटी मुलासाठी काय करायचं याच्या शिफारशी. फक्त "डिस्लेक्सिया आहे" असं लिहिलेल्या अर्ध्या पानाला रिपोर्ट म्हणत नाहीत. आणि समाधान झालं नाही म्हणून महिन्याभरात दुसरीकडे तीच बुद्धिमापन चाचणी करू नका. प्रश्न ओळखीचे झाले की गुण फुगतात.

सावधान: बोटांच्या ठशांवरून मेंदू ओळखून देतो असं सांगणारे लोक शाळाशाळांत फिरतात, हजारो रुपये घेतात. त्याला शास्त्रीय आधार नाही आणि तो कागद कुठल्याही कार्यालयात चालत नाही.

## पायरी ४: शाळा बदलायची का?

माझं उत्तर बहुतेक वेळा "लगेच नाही" हेच असतं. २०१६ च्या कायद्यानं अध्ययन अक्षमता लवकर ओळखून शिकवण्याची पद्धत बदलण्याची जबाबदारी शाळांवर टाकली आहे. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे "आमच्याकडे अशी मुलं घेत नाही" हे शाळेला म्हणता येत नाही.

जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत मूल असेल तर समग्र शिक्षा अभियानातल्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांची मदत मिळू शकते. तालुक्याला गटसाधन केंद्रात विचारा, शहरात महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीकडे. यूडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीच्या, नोंदीत मुलाची विशेष गरज लिहिलेली आहे का, ते मुख्याध्यापकांना विचारून घ्या. नोंदीत नाव नसेल तर कुठल्याच यादीत मूल दिसत नाही.

शाळा खरंच बदलायची असेल तर नव्या शाळेत फीच्या आधी तीन गोष्टी विचारा: वर्गात मुलं किती, पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेला विशेष शिक्षक आहे का, आणि तो आठवड्यातून किती तास मुलाला घेऊन बसतो. "आमच्याकडे स्पेशल एज्युकेटर आहेत" या वाक्यावर समाधान मानू नका. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागांच्या प्रवेशात दिव्यांग बालकं वंचित घटकात येतात, पण तो दरवाजा शाळेच्या सुरुवातीच्या वर्गालाच उघडतो.

मराठीतून इंग्रजीत किंवा उलट, मधल्या इयत्तेत माध्यम बदलणं मला धोक्याचं वाटतं. वाचनाची मूळ अडचण तशीच राहते आणि वर नवी भाषा येते.

## पायरी ५: शाळेशी बोलणं, पण लेखी

प्रमाणपत्र मिळेपर्यंत शाळेत बोलायचंच नाही, असं पालक धरून बसतात. गरज नाही. वर्गातली मदत रिपोर्टवर सुरू होऊ शकते.

पालकसभेच्या गर्दीत हा विषय काढू नका. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वेगळी वेळ मागा. सोबत एका पानाचं पत्र आणि रिपोर्टची झेरॉक्स न्या. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. माझ्या ओळखीच्या एका आईनं तीन वर्षं तोंडी सांगितलं होतं. मुख्याध्यापक बदलले, वर्गशिक्षिका बदलल्या आणि दहावीत शाळा म्हणाली, "आम्हाला कुणी कळवलंच नाही." तिच्याकडे दाखवायला एकही कागद नव्हता. मूळ रिपोर्ट मात्र कुणालाही देऊ नका.

मागणी नेमकी करा. "लक्ष द्या" असं म्हटलं तर शिक्षकांना काय करायचं ते कळत नाही. असं सांगा: पहिल्या-दुसऱ्या बाकावर बसवा, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी मित्राच्या वहीचा फोटो चालू द्या, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला उभं करू नका, उत्तर तोंडी घ्या, शुद्धलेखनाचे गुण आशयाच्या गुणांपासून वेगळे ठेवा.

मग वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करून घ्या. तो एका पानाचा असला तरी पुरतो, पण त्यातलं उद्दिष्ट मोजता यायला हवं. "वाचन सुधारणे" हे मोजता येत नाही. "ऑगस्टअखेर रफाराचे २० शब्द न अडखळता वाचणे" हे मोजता येतं. कोण शिकवणार, आठवड्यातून किती वेळा, पुन्हा कधी बघणार, हे लिहा आणि खाली सह्या घ्या.

तपासा: दिवाळीच्या सुट्टीआधी आराखडा घेऊन पुन्हा भेटा. वर्षअखेरपर्यंत थांबलात तर वर्ष संपलेलं असतं.

## पायरी ६: घरातला रोजचा अर्धा तास

प्रमाणपत्रानं परीक्षेत मिनिटं मिळतात. वाचायला मात्र रोजच्या सरावानंच येतं. रोज तीस-चाळीस मिनिटं, एकाच वेळी, एकाच जागी बसा. रविवारी तीन तास बसवून काही साधत नाही.

एका वेळी एकच गोष्ट घ्या. आज रफार, तर आठवडाभर रफारच. ताटात रवा पसरून अक्षर बोटानं काढायचं, काढताना मोठ्यानं म्हणायचं, मग कागदावर लिहायचं. शब्द तोडून टाळी वाजवत म्हणायचा: सू-र्य, प-र्व-त.

शब्द मुलाच्या रोजच्या डोळ्यांसमोरचे घ्या. केएमटी बसच्या पाट्या मला फार उपयोगी पडल्या. 'महाद्वार' आणि 'विद्यापीठ' हे दोन शब्द शेजारी लिहा. द्व आणि द्य दिसायला जवळजवळ सारखे, म्हणून पुस्तकात मूल दोन्ही ठोकून देतं. पण महाद्वार रोडला जायचं की शिवाजी विद्यापीठाकडे, हे ठरवायचं असतं तेव्हा तेच मूल पाटीकडे टक लावून बघतं. 'गंगावेश'वरून अनुस्वार घ्या, 'राजारामपुरी'वरून काना मोजायला लावा.

चुकलेला शब्द शंभर वेळा लिहायला लावू नका. चुकीचाच शब्द शंभर वेळा लिहिला जातो आणि हात दुखतो तो वेगळाच. आणि चौथी-पाचवीत शिष्यवृत्तीच्या जादा तासांना सगळी गल्ली जाते म्हणून याही मुलाला संध्याकाळी दोन तास तिथे बसवायचं का, हे तुम्हीच ठरवा. मी म्हणेन, ते वर्ष वाचनाला द्या.

## पायरी ७: प्रमाणपत्र आणि यूडीआयडी

केंद्र सरकारच्या सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतरच मिळतं. पुढे १४ व्या वर्षी आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करून घ्यायची असते. १८ व्या वर्षीचं कायमचं. आठच्या आत मदत सुरू करायला कुणाची आडकाठी नाही.

क्रम असा:

१. मुलाचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख आधार, जन्मदाखला आणि शाळेचं जनरल रजिस्टर या तिन्हींत तंतोतंत जुळवून घ्या. एका ठिकाणी 'सूरज', दुसरीकडे 'सुरज' असेल तर आधी ते दुरुस्त करा.

२. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरा. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा तयार ठेवा. मोबाईल नंबर स्वतःचाच द्या. सायबर कॅफेवाल्याचा नंबर टाकला की ओटीपी त्याच्याकडेच जातात.

३. अर्ज करताना रुग्णालय निवडायचं असतं. कोल्हापुरात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिला राजे रुग्णालय. अध्ययन अक्षमतेची तपासणी कोणत्या दिवशी, कोणत्या विभागात होते हे एकदा जाऊन विचारून या आणि मगच मुलाची शाळा बुडवा. चंदगडहून पहाटे निघून इथे येणाऱ्यांना हे विशेष सांगते.

४. जाताना अर्जाची पोच, रिपोर्ट, डोळे-कानांचे कागद, शाळेचा बोनाफाईड, दोन वर्षांच्या गुणपत्रिका, वर्गशिक्षकांचं निरीक्षणपत्र आणि त्या खाडाखोडीच्या वह्या न्या. मूळ आणि झेरॉक्स वेगवेगळ्या फायलींत ठेवा.

निर्णय मान्य नसेल तर कायद्यात अपिलाची सोय आहे. तिथल्या टेबलावर वाद घालण्यापेक्षा निर्णय लेखी मागून घ्या.

## पायरी ८: दहावीची तयारी आठवीपासून

नवव्या वर्षी काढलेलं प्रमाणपत्र चौदाव्या वर्षी पुन्हा करायचं असतं. ते वर्ष नेमकं आठवी-नववीत येतं. इथेच सगळ्यात जास्त मुलं अडकतात. आठवीच्या उन्हाळी सुट्टीत ते काम उरका.

कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागीय मंडळात येतात. सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत तिथे जातो, पालकांनी थेट नेऊन द्यायचा नसतो. तुमचं काम म्हणजे नववी संपताच शाळेला लेखी अर्ज देणं, दहावीचा परीक्षा अर्ज भरताना दिव्यांग प्रकाराचा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी तपासणं आणि मंजुरीच्या पत्राची प्रत मागून घेणं. केंद्रीय मंडळाच्या शाळांचे नियम वेगळे आहेत, तिथेही अर्ज शाळेमार्फतच जातो.

सवलतींत तासाला २० मिनिटं जादा, लेखनिक, कॅल्क्युलेटर, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष अशा गोष्टी येतात. मिळतात म्हणून सगळ्या घेऊ नका. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याआधी दोनदा विचार करा. त्यानं दहावी सुटते, पण विज्ञान शाखा आणि पॉलिटेक्निकची वाट बंद होते. ज्या मुलाला गणित समजतं आणि फक्त उदाहरण उतरवताना आकडे उलटे होतात, त्याला कॅल्क्युलेटर आणि जादा वेळ पुरतो.

लेखनिक घ्यायचा तर सरावाशिवाय घेऊ नका. उत्तर बोलून लिहवून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. मूल घाईघाईनं बोलतं, लेखनिक मागे पडतो, मूल गप्प बसतं आणि वेळ जातो. नववीच्या सहामाहीपासून प्रत्येक परीक्षेला लेखनिक घ्या. मुलाला शिकवा: आधी प्रश्नाचा क्रमांक सांग, मग एक वाक्य, मग थांब, "लिहिलं का?" विचार, मग पुढचं. भूमितीच्या आकृतीला नावं कशी सांगायची हे दोघांनी मिळून ठरवावं. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो. एकाला ठरवून ठेवा आणि दुसरा राखीव ठेवा, कारण ऐन परीक्षेत पहिल्याला ताप येऊ शकतो.

दहावी एका दमात झेपणार नाही असं आठवीतच दिसत असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा विचार करा. पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी, एकच भाषा घेऊनही चालतं. प्रवेश घेण्याआधी मुलाला पुढे जे शिकायचं आहे त्या कॉलेजात चौकशी करा. आणि मूल घरी असेल म्हणजे रोजचं वेळापत्रक कोण सांभाळणार, हे आधी ठरवा. ते ठरत नसेल तर शाळाच बरी.

अठराव्या वर्षीची शेवटची तपासणी बारावीच्या किंवा डिप्लोमाच्या धांदलीत येते. फायलीच्या पहिल्या पानावर ती तारीख आजच लिहून ठेवा. खाडाखोडीच्या वह्याही रद्दीत घालू नका, त्या वेळी पुन्हा मागतात.